पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणत राहिलेली शांघायची ट्रिप

मागच्या अंकात मी चीनमधल्या सुझोऊतल्या आमच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं आणि त्यात ओघात एक वाक्य होतं, की मुलींना कबूल केलेली डिस्नेलँडची ट्रिप आम्हाला पाच वर्षं जमलीच नाही. एवढ्याशा वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. राजारामपुरी, कागल, शिरोली, गडहिंग्लज, सगळीकडनं. आपल्याकडच्या फौंड्री आणि मशिन शॉपमधनं किती पोरं चीनला गेलीत आणि किती घरात ही एकच ट्रिप अडून बसलीय ते मला पत्रं वाचताना कळलं. या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवते, हेच घेते. एका पत्राचं उत्तर लई लांबलंय, पण ते तसंच ठेवलं.

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे राजारामपुरीतले. मिस्टर कास्टिंगच्या क्वालिटीत आहेत, २०१८ पासून आम्ही निंगबोला असतो. लेक चार वर्षांची असताना तिला शांघायच्या डिस्नेलँडला न्यायचं कबूल केलं होतं. २०२० ला कोल्हापूरला आलो ते अडकलोच, परत गेलो तर तिथं लॉकडाऊन, मग सासूबाईंचं ऑपरेशन, मग मिस्टरांच्या कामाची गडबड. आता ती अकरा वर्षांची आहे. परवा मी विषय काढला तर म्हणाली, नको आता, ते लहान मुलांचं असतं. मिस्टर म्हणाले बरं झालं, खर्च वाचला. मला मात्र रात्री झोप लागत नाही. आता जाण्यात काही अर्थ आहे का?
— एक आई, सध्या सुट्टीला कोल्हापुरात

उत्तर : ताई, आधी आमचं सांगते. आम्ही २०१७ ला सुझोऊला गेलो तेव्हा मोठी अडीच वर्षांची होती. शांघायचं डिस्नेलँड १६ जून २०१६ ला सुरू झालेलं, म्हणजे नवंकोरंच, आणि सुझोऊहून शांघाय हायस्पीड ट्रेननं अर्ध्या तासावर, इथनं रेल्वेनं जयसिंगपूर गाठायला लागतो त्याहून कमी वेळ. आणि जवळ आहे म्हणूनच राहिलं बघा. लांबचं असतं तर रजा टाकून एकदा जाऊन आलो असतो, जवळचं म्हणल्यावर काय, कधीही जाऊ. पहिल्या वर्षी ती लहान, दुसऱ्या वर्षी मी गरोदर, २०१९ ला धाकटी मांडीवर. शेवटी ८ फेब्रुवारी २०२० ची तिकिटं काढली, मोठीला पिवळा प्रिन्सेस फ्रॉक आणला पाच वर्षांच्या मापाचा, आणि मधल्या वेळात दिराच्या लग्नाला म्हणून जानेवारीत कोल्हापूरला आलो. २५ जानेवारीला पार्क बंद झाला. आमच्या घरी त्या दिवशी हळद होती, मी हळदीच्या हातानंच फोन धरून बातमी वाचली. तिकिटाचे पैसे परत मिळाले, त्याचं काही नाही, पण पोरीला सांगताना आम्ही म्हणलं पुढच्या महिन्यात जाऊ. पहिल्यांदा तिथं चुकलो आम्ही. आम्हाला माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायला पाहिजे होतं.

२८ मार्चला चीननं परदेशी लोकांना आत घेणंच थांबवलं. सप्टेंबरात रेसिडेन्स परमिटवाल्यांना सोडणार म्हणून आम्ही बॅगा भरल्या, तर ५ नोव्हेंबरला भारतातून येणाऱ्यांना पुन्हा बंदी. मिस्टर पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडून बसायचे कारण तिकडं आठ वाजलेले असायचे, मोठीची शाळाही तशीच, अर्धवट झोपेत. जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा ट्रंका वरच्या मजल्यावर चढवल्या, त्यातल्या एकीत तो पिवळा फ्रॉक डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. जून २०२२ मध्ये कामावर परतणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना व्हिसा सुरू झाला आणि सप्टेंबरला आम्ही तिसऱ्याच देशातून वळसा घालून गेलो, सात दिवस हॉटेलच्या खोलीत बंद, वर तीन दिवस घरात.

गेल्या गेल्या तारीख ठरवली, ५ नोव्हेंबर, शनिवार. मोठीनं कॅलेंडरवर तांबडं गोल केलं. आणि ३१ ऑक्टोबरला सोमवारी पार्क आतल्या लोकांसकट बंद झाला, टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडेनात. बरोबर एक वर्ष आधी, ३१ ऑक्टोबर २०२१ ला, हेच झालं होतं, तेव्हा तीस हजारांवर लोकांची रात्री उशिरापर्यंत टेस्ट करत बसले होते. मी फोनवर वाचत होते आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. काही विचारलं नाही तिनं. संध्याकाळी बघितलं तर कॅलेंडरवरचं गोल व्हाइटनर लावून पुसलेलं, आतला पाचचा आकडाही गेलेला.

त्यानंतर मी कधीही विषय काढला की एकच उत्तर, ते लहान मुलांचं असतं. तुमच्या लेकीचं अगदी तेच वाक्य, ताई, म्हणून तुमचं पत्र वाचताना माझे हात थांबले.

मला ते वाक्य कळायला चार महिने लागले. मला वाटलं खरंच मोठी झाली, आठ वर्षांची पोरगी, हिला आता कुठं प्रिन्सेस. मग एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिनं विचारलं, आई, खरंच जायचंय का नुसतं म्हणतीयस? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला नको नव्हतं, तिला परत फसायचं नव्हतं. आपण मोठी माणसं बंद झालं, व्हिसा नाही, विमान नाही अशी कारणं जमा करतो आणि ती खरीच असतात, पण पोराच्या हिशेबात आई-बाबा म्हणाले आणि झालं नाही, एवढंच लिहिलं जातं. चार-पाच वेळा तसं लिहिलं गेलं की पोर शहाणं होतं आणि आपणहून नको म्हणायला लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं, ताई, की आधी ट्रिपचं बोलूच नका. आधी तिच्यापुढं बसा आणि सगळ्या रद्द झालेल्या तारखा एकेक करून सांगा, कुठली का रद्द झाली ते. अकरा वर्षांच्या मुलीला बॉर्डर बंद म्हणजे काय ते कळतं, आजीचं ऑपरेशन कळतं. आणि आम्ही उगाच नक्की नक्की म्हणत राहिलो त्याबद्दल सॉरी म्हणा, तिच्या बाबांनीही म्हणावं. आमच्या मिस्टरांनी म्हणायला वेळ लावला, पण म्हणाले, आणि मोठीनं मान फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि रडली, दोन वर्षांचं रडणं होतं ते.

मग तिकीट काढून तारखेसकट तिच्या हातात द्या. विचारत बसू नका जाऊया का, जाऊया का.

आम्ही एप्रिल २०२३ मध्ये एका मंगळवारी गेलो. फ्रॉक धाकटीनं घातला. ती चार वर्षांची, फ्रॉक पाचच्या मापाचा, म्हणून निघायच्या आधी कोल्हापुरात सासूबाईंनी खालची पट्टी दोन बोटं दुमडून तुरपाई करून दिलेली, पिवळा दोरा घरात नव्हता तर हिरव्यानं. तो हिरवा दोरा आतनं दिसत होता. गेटच्या आत गेल्यावर धाकटीच्या पाठीवरची नाडी सुटली तर मोठी खाली गुडघ्यावर बसली आणि तिनं ती बांधली, घट्ट बो काढून, फ्रॉक खाली ओढून नीट केला, आणि उठताना एकदा त्या कापडावरनं हात फिरवला. मी कॅमेरा काढला नाही. काढवेना.

आणि मग तिनं पप्पांचा हात धरला आणि म्हणाली ट्रॉन. ही तिथली मोटरसायकलसारखी बसायची रोलरकोस्टर, पुढं वाकून, छाती टेकून बसायचं, अंधारातनं सुसाट जाते. तिला उंची लागते १२२ सेंटिमीटर. तिथल्या मुलीनं पट्टी लावली, १२४ भरली. फेब्रुवारी २०२० ला गेलो असतो तर ही १०४ होती, कडेला उभी राहून बघत बसली असती. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या मनात चार वर्षांची पोरगी अजून फ्रॉक घालून उभी आहे आणि तुम्ही तिच्यासाठी हळहळताय. तिला आता कुणीच नेऊ शकत नाही. पण अकरा वर्षांची जी घरात आहे तिला तिथली एकही राइड उंचीसाठी अडणार नाही बहुतेक. तिला न्या. तिच्याच हातात नकाशा द्या, कुठं आधी जायचं ते ती ठरवेल, तुम्ही मागनं चाला.

एक राइड मात्र तिघांनी, चौघांनी मिळून एका रांगेत बसून करा. पाय अधांतरी सोडून बसवतात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर जगभरनं उडवून आणतात, उंची १०२ सेंटिमीटर लागते. धाकटी दोन बोटांनी राहिली, म्हणून मिस्टर तिला घेऊन बाहेर थांबले आणि आम्ही आल्यावर त्यांना परत रांग न लावता आत सोडलं, लहान मूल बरोबर असेल तर तशी सोय आहे, आधी विचारायची. तर त्यात मध्येच ताजमहाल येतो. मोठी ओरडली, आई, आपलं! आणि थोड्या वेळात शेवटी खाली शांघाय येतं, नदी, उंच इमारती, दिवे. ताजमहालापासनं शांघायपर्यंत काही मिनिटं. आम्हाला तेवढ्यालाच अडीच वर्षांवर लागली होती. मी अंधारात डोळे पुसले आणि शेजारी बघितलं तर तिनं माझा दंड धरलेला होता, कधी धरला मला कळलं नाही.

आता मिस्टरांचं खर्चाचं. खर्च आहे, खोटं बोलणार नाही. पण थांबून तो कमी होत नाही, २०१६ ला पार्क उघडला तेव्हा साध्या दिवसाचं तिकीट ३७० युआन होतं आणि गर्दीच्या दिवसाचं ४९९, तिथनं ते वाढतच गेलंय. आणि त्यांना एवढंच विचारा की काँट्रॅक्ट कधीपर्यंत आहे. आमच्या ओळखीच्या तीन घरांना महिन्याभरात सामान बांधून परत यावं लागलं, त्यातल्या दोघांची शांघायची ट्रिप राहिली ती राहिलीच, आणि इथनं परत चौघांचं विमान, व्हिसा करून जायचं म्हणजे केवढ्याला पडेल ते त्यांनीच मांडून बघावं.

सॉरी म्हणून, सगळं बोलून झाल्यावरही ती नको म्हणाली तर मात्र ते खरं नको आहे आणि ते ऐका. मग तिला काय पाहिजे ते विचारा. जुलै २०२५ ला शांघायच्या जिनशान भागात लेगोलँड उघडलंय, निंगबोहून गाडीनं हांगझोऊ खाडीवरचा ३६ किलोमीटरचा पूल ओलांडला की जिनशान त्याच बाजूला पडतं. किंवा ती म्हणेल मला बेजिंग बघायचंय, तिथं युनिव्हर्सलचा पार्क सप्टेंबर २०२१ पासून आहे आणि भिंतही आहे. नाव बदललं तरी चालेल. या वेळी ठरलेल्या तारखेला घरातनं निघणं महत्त्वाचं.

प्रश्न : माझा भाऊ शांघायला असतो, मी आणि बायको पोराला घेऊन दिवाळीत चाललोय. तिथं रोख चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही असं ऐकतो. मग करायचं काय?
— शिरोली पुलाची

उत्तर : व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या नेटवर चालत नाही हे खरं. पण इथलं सिम इंटरनॅशनल रोमिंग घेऊन गेलात तर चालतं, कारण ते डेटा आपल्या इथल्या कंपनीमार्फत फिरवतात. वीचॅट, म्हणजे तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप, आपल्याकडं २९ जून २०२० ला बंद झालेल्या ५९ ॲपमध्ये गेलं, आमच्या सासू-सासऱ्यांचा तर तो नातींशी बोलायचा एकच रस्ता होता आमच्या आधीच्या वर्षांत, त्यामुळं त्यावर अवलंबून राहू नका. तिथं सगळं फोनवरच्या कोडनं चालतं, भाजीवालीसुद्धा कोड लावून बसते. भाऊ आहे म्हणल्यावर तुमचं निम्मं काम झालं, पार्कची तिकिटं त्याच्या फोनवरनं काढा, पण प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर बरोबर टाकून, कारण तिकीट नावावर असतं आणि गेटवर पासपोर्ट दाखवावा लागतो. पोराचाही पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलात विसरू नका. थोडी रोख खिशात असू द्या, रोख घेतात, सुट्ट्याची तेवढी खळखळ होते.

प्रश्न : ताई, माझं वय ७१, जन्म १९५४ चा. मुलगा-सून सुझोऊला, दोन नातवंडं. २०२० पासनं मुलगा म्हणतोय आबा या, सगळे मिळून त्या पार्कला जाऊ, तुमच्याशिवाय पोरांना नेणार नाही. नातवंडं माझ्यामुळं थांबलीत याचं मला ओझं वाटतं. गुडघे दुखतात, मी माळकरी आहे, मांस-मच्छी चालत नाही. मी नाही म्हणावं काय?
— एक आजोबा, कागल

उत्तर : काका, नमस्कार. नाही म्हणू नका. पण मुलाला एक सांगा, की पोरांना तू आत्ता एकदा नेऊन आण, मी आलो की परत एकदा जाऊ. तुमच्या मायेपोटीच तो थांबलाय, पण पोरं तेवढी थांबत नाहीत हे वरच्या पत्रात लिहिलंच आहे. एकदा ती जाऊन आली की तुमच्या डोक्यावरचं ओझं गेलं, मग तुम्ही निवांत या, आणि नातवंडं तुम्हाला वाट दाखवतील, त्याचा आनंद वेगळा असतो हो.

व्हिसाचं सांगते. मुलगा तिथं कामाच्या परमिटवर आहे म्हणल्यावर तुम्हाला टुरिस्टपेक्षा एस-टू व्हिसा बरा पडतो, तो घरच्यांना भेटायला जाणाऱ्यांचा, १८० दिवसांपर्यंतचा. मुलानं निमंत्रणाचं पत्र लिहायचं, त्याच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची कॉपी, आणि तो तुमचाच मुलगा याचा कागद, म्हणजे जन्मदाखला. इथंच घोळ होतो आपल्याकडं. माझ्या सासऱ्यांच्या नावापुढं जन्मदाखल्यात राव आणि पासपोर्टवर नुसतंच नाव, तेवढ्यासाठी आमचे तीन आठवडे गेले. तुम्ही आधी घरातले सगळे दाखले काढून एका टेबलावर मांडा आणि स्पेलिंग जुळतंय का बघा, बाकीचं नंतर. आणि पोचल्यावर मुलाच्या घरी उतरणार तर २४ तासांच्या आत पोलिसांकडं नोंद करावी लागते, हॉटेलात उतरलं तर ते हॉटेलच करतं. मुलाला माहीत असेल, तरी आठवण करून द्या.

विमानाचं बरं झालंय आता. पाच वर्षं थेट विमानंच नव्हती, ती २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझोऊनं परत सुरू झाली आणि नोव्हेंबरपासनं दिल्ली-शांघाय थेट आहे. म्हणजे मधल्या कुठल्या परक्या एअरपोर्टवर रात्र काढायची पाळी तुमच्यावर येणार नाही.

खाण्याचं तुम्ही अजिबात मनावर घेऊ नका. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं. आधी नेऊ देत नव्हते, तिथल्याच एका कायद्याच्या विद्यार्थिनीनं कोर्टात केस केली आणि सप्टेंबर २०१९ पासनं नियम बदलला. गरम करावं लागेल असलं काही नको, काचेची बाटली नको, आणि उग्र वासाचं नको. आम्ही भडंग नेलं होतं दीड किलो, सासूबाईंनी करून दिलेलं, आणि मला धाकधूक होती की लसणाचा वास उग्र म्हणतील काय. बॅग मशिनमधनं गेली, तिथल्या माणसानं पिशवी उघडून बघितली, एक दाणा खाली पडला तो त्यानं उचलून कचऱ्यात टाकला आणि पिशवी नीट बांधून परत दिली. दुपारी बाकावर बसून खाल्लं तर शेजारी एक चिनी आजी नातवाला घेऊन बसलेल्या, त्यांच्यापुढं धरलं, त्यांनी चिमूट घेतलं, तिखट लागलं तसं हसल्या आणि पोरींच्या हातावर दोन संत्री ठेवली. तुम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग असं घ्या. बाहेर हॉटेलात खायची वेळ आली तर सुनेला सांगा, वो छ सू म्हणायचं, म्हणजे मी शाकाहारी आहे, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, रस्सा कशाचा आहे तेही विचारायचं, कारण नुसत्या भाजीच्या पानातही मांसाचं पाणी असतं पुष्कळदा. आणि गरम पाणी म्हणाल तर ट्रेनमध्ये, स्टेशनवर सगळीकडं नळाला उकळतं पाणी मिळतं, तिथली माणसं गरमच पितात, माझे सासरे तर म्हणाले होते हा देश मला पटला.

गुडघ्याचं. पार्क मोठा आहे, दिवसभर चालावं लागतं, तुम्ही व्हीलचेअर भाड्यानं घ्या आणि मनात काही आणू नका, पंढरीच्या वाटेवर नाही का दमलेल्या माणसाला गाडीत घेत. तिकिटात ज्येष्ठांना सवलत आहे, पासपोर्टवरच्या जन्मतारखेवर मिळते. राजवाड्याच्या खालनं एक होडी जाते, हळू, धक्का नाही, तिच्यात बसा. आणि राजवाड्यापुढच्या बागेत बारा चित्रं आहेत भिंतीवर, रंगीत तुकडे बसवून केलेली, चिनी वर्षांच्या बारा प्राण्यांची. तुमचं १९५४ म्हणजे घोडा. जन्म जानेवारीतला असेल तर मात्र साप, कारण त्यांचं वर्ष त्या साली फेब्रुवारीत लागलं. नातवंडांना सांगा आबांचं चित्र शोधा, आणि मग त्यांचं त्यांचं. सुझोऊहून जायला हायस्पीडनं होंगचाव स्टेशन, तिथनं मेट्रोची २ नंबर लाइन, जियांग्सू रोडला बदलून ११ नंबर, ती थेट पार्कच्या दारात. जून २०२३ पासनं सुझोऊची मेट्रोही हुआचाव स्टेशनला शांघायच्या मेट्रोला जोडलीय, तिचाही नंबर ११ च, स्वस्त पडते, पण तास न् तास बसावं लागतं, तुमच्या गुडघ्यांना ती नको.

प्रश्न : कुठल्या महिन्यात गेलं तर रांगा कमी?
— गडहिंग्लज

उत्तर : कधी जायचं नाही ते आधी सांगते. १ ते ७ ऑक्टोबर नाही, तो त्यांचा गोल्डन वीक. चिनी नववर्षाच्या सुट्टीत नाही, १ मेच्या आसपास नाही. तेव्हा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आठवा आणि ती प्रत्येक राइडला लावा. जुलै-ऑगस्टला तिथल्या शाळांना सुट्टी आणि वर उकाडा. एप्रिलचा मधला आठवडा किंवा ऑक्टोबर संपता संपता ते नोव्हेंबर, मंगळवार-बुधवार, हवाही छान. आपली दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी त्यात बसते. डिसेंबर २०२३ पासनं पार्कात झूटोपिया सिनेमावरचा नवा भाग उघडलाय, सगळी गर्दी सकाळी तिकडं धावते, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : मी चौथीत आहे. माझे पप्पा शेन्झेनला कामाला आहेत. मी आणि मम्मी कोल्हापूरला आजीकडे राहतो. पप्पा दरवर्षी म्हणतात पुढच्या वर्षी तुला डिस्नेलँडला नेतो. तीन वर्षं झाली. ते विसरले का? मी विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का?
— चौथीतला मुलगा

उत्तर : बाळा, विसरले नाहीत. माझ्या ओळखीचे जेवढे पप्पा तिकडं एकटे राहतात त्यातला एकही असलं विसरत नाही, त्यांना उलट ते रोज आठवतं आणि म्हणूनच ते बोलायचं टाळतात. तू विचार. त्यांना थोडं वाईट वाटेल, पण तू विचारायचं बंद केलंस तर जास्त वाटेल, हे मी आई म्हणून सांगते. माझ्या मुलीनं विचारायचं बंद केलं होतं, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

आता हे पुढचं मम्मीला वाचायला दे. शेन्झेन म्हणल्यावर शांघायपर्यंत जायचं कारणच नाही. हाँगकाँगला डिस्नेलँड आहे, २००५ पासनं, आणि शेन्झेनच्या फुतियान स्टेशनवरनं हाँगकाँगची हायस्पीड ट्रेन पंधरा मिनिटांच्या आसपास घेते. तुम्हा दोघांना मुंबईहून हाँगकाँगला थेट विमान मिळतं, आणि भारतीय पासपोर्टला तिथं १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त जायच्या आधी ऑनलाइन नोंदणी करून तो कागद प्रिंट करून न्यायचा. पप्पांनाही तीच नोंदणी करायची आणि त्यांचा चीनचा परमिट चालू आहे ना ते बघायचं, म्हणजे परत जाताना अडचण नाही. चीनच्या व्हिसाचा घोळच नको. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसून सकाळी मुंबई, तिथनं विमान, आणि पप्पा तिकडनं ट्रेननं. चार दिवसांची सुट्टी पुरते. पप्पांना मुलाला कोल्हापूरहून चीनला कसं आणू एवढंच डोक्यात असेल, हाँगकाँगला मध्ये भेटायचं सुचलं नसेल.

आणि तुझ्यासाठी एक काम. तिथं पार्कला जायची मेट्रो वेगळी आहे, तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत. आत गेल्यावर वेगवेगळ्या राइडला वेगवेगळी उंची लागते, डोंगरातनं पळणाऱ्या खाणीच्या गाडीला ११२ सेंटिमीटर, आणि एक गाडी झोक्यासारखी सरळ वर जाऊन मागं येते, तिला १२०. तू आज दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहा, आजीला डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीनं रेघ मारायला सांग, टेपनं मोज, रेघेवर आकडा आणि तारीख घाल आणि त्याचा फोटो पप्पांना पाठव. खाली लिही, मी एवढा झालोय, कुठली तारीख? फक्त रेघ मारताना टाचा उचलू नकोस, तिथं पट्टी लावणारे पायाकडं बघतात.